'वुल्व्हरिन'चा गेम येईल तेव्हा येईल, आधी हे ऐक

भाऊ, सुपरहिरोंचे गेम आत्ताच सुरू करतोयस ना, मग एक गोष्ट पक्की धर: प्री-ऑर्डर, म्हणजे गेम येण्याआधीच पैसे भरून ठेवणं, करायची नाही. डिजिटल कॉपी काही संपत नाही, घाई कशाची? 'मार्व्हल्स ॲव्हेंजर्स' 2020 मध्ये केवढा गाजावाजा करत आला, पण फसला, आणि सप्टेंबर 2023 अखेर त्याची डिजिटल विक्रीच बंद झाली. स्टुडिओच्या नावालाही भुलू नको. बॅटमॅनचा 'अर्कम असायलम' करणाऱ्या रॉकस्टेडीचाच 2024 चा 'सुसाइड स्क्वॉड' आपटला.

सुरुवात 2009 च्या 'अर्कम असायलम'पासूनच कर. साध्या लॅपटॉपवरही चालतो, सेलमध्ये स्वस्तात मिळतो. नवे लोक त्यात नुसती बटणं बडवतात. तसं नाही. गुंडाच्या डोक्यावर खूण चमकली की काउंटरचं (त्याचा वार उलटवायचं) बटण दाब, मग पुढचा ठोसा. ही लय हातात बसली की 2018 चा 'स्पायडर-मॅन' अर्धा सोपा झाला समज. (पीसीवर तो 2022 पासून आहे.)

बाकी किरकोळ:

- ट्रेलरवरून मत बनवू नको, सलग न कापलेला गेमप्ले बघ.
- स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात. आवडला नाही तर रेटत बसू नको.
- आपल्या नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नको. ओली हवा आत जाते. गादीवर तर मुळीच नको.

ग्राफिक्स सेटिंग, मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) वगैरे नंतर बोलू. तुझा लॅपटॉप कोणता, रॅम किती, तेवढं सांग.