टोनी कॅस्करिनो इतका साधारण स्ट्रायकर होता, तर आयर्लंडकडून ८८ सामने खेळलाच कसा?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण हाच प्रश्न कॅस्करिनो स्वतःला जन्मभर विचारत आला आहे. आयर्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाकडून ८८ सामने, १९ गोल, कारकिर्दीत आठ क्लब, आणि जिथे जिथे मोठी रक्कम मोजून नेला तिथे तिथे तोंडघशी पडला, असं तुम्ही लिहिलंय. आकडे बरोबर आहेत. फक्त "साधारण" या शब्दाशी माझं भांडण आहे. तो माणूस साधारण नव्हता, तो एकाच कामाचा होता. ते काम ज्या संघाला हवं होतं तिथे तो सोन्याच्या भावाचा आणि बाकी सगळीकडे अडगळ.

आधी काम समजून घ्या. ६ फूट २ इंच उंची, पाय फार जलद नाहीत, चेंडू पायात आला की जरा गोंधळ. पण चेंडू हवेत असला की गडी वेगळाच. गोलकडे पाठ करून उभं राहायचं, मागून ढकलणाऱ्या डिफेंडरला अंगावर घ्यायचं, लांबून आलेला चेंडू छातीवर किंवा डोक्यावर घेऊन जोडीदाराच्या वाटेत टाकायचा. क्रॉस, म्हणजे कडेनं गोलसमोर उंच टाकलेला चेंडू, येत असेल तर गोलच्या लांबच्या खांबाकडे सरकून तिथल्या बुटक्या फुलबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, डोक्यावरून उडी मारायची. याला टार्गेट मॅन म्हणतात. मी कॉलेजात असताना कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन वर्षं हेच काम केलं, केवळ उंच होतो म्हणून. सामना संपला की कोपराचे ठोसे बरगडीत मोजायचे, आणि गॅलरीतली माणसं मात्र गोल मारणाऱ्या जोडीदाराचं नाव घेत घरी जायची. तेव्हा या बाबतीत मी थोडा पक्षपाती आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

कॅस्करिनोचा जन्म १९६२ चा, केंटमधल्या सेंट पॉल्स क्रे इथला. म्हणजे लंडनच्या काठावरचा. आडनाव इटालियन, बोली लंडनची, आणि केस कापण्याचं काम शिकत होता. क्रॉकनहिल नावाच्या अगदी स्थानिक संघात खेळत असताना गिलिंगहॅमनं त्याला उचललं, आणि बदल्यात क्रॉकनहिलला ट्रॅकसूट दिले, असं सांगतात. कोणी म्हणतं ट्रॅकसूटबरोबर छपराचे पत्रेही होते. पुढे कोट्यवधींना विकला गेलेला खेळाडू पहिल्यांदा कपड्यांवर गेला, ही गोष्ट इंग्लंडात अजून चवीनं सांगतात.

गिलिंगहॅमला खालच्या डिव्हिजनमध्ये पाच-सहा मोसम घासल्यावर १९८७ मध्ये मिलवॉलनं सव्वादोन लाख पौंड मोजले. तिथे त्याची जोडी जमली टेडी शेरिंगहॅमशी. शेरिंगहॅमचं डोकं फार तल्लख, पाय हुशार; याचं डोकं हवेत हुशार. दोन्ही बाजूंनी केव्हिन ओकॅलहन आणि जिमी कार्टर क्रॉस टाकायला. १९८८ मध्ये मिलवॉल क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा इंग्लंडच्या सर्वोच्च डिव्हिजनमध्ये चढला, आणि त्या शरद ऋतूत काही काळ चक्क तक्त्याच्या माथ्यावर होता. कॅस्करिनोची खरी किंमत कळायची तर ही दोन वर्षं पाहावीत.

मग पडझड. मार्च १९९० मध्ये ॲस्टन व्हिलानं १५ लाख पौंडांना घेतलं. व्हिला तेव्हा लीग जिंकायच्या शर्यतीत होता. शेवटी लिव्हरपूलच्या मागे दुसरा आला, आणि खापर फुटलं नव्या महागड्या स्ट्रायकरवर. १९९१ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकचा प्रशिक्षक लिअम ब्रॅडीनं त्याला ११ लाखांना नेलं. तिथे लीगमध्ये चार गोल. चार! फेब्रुवारी १९९२ मध्ये सेल्टिकनं चेल्सीशी सरळ अदलाबदल केली: हा घ्या, तुमचा टॉम बॉइड द्या. बॉइड पुढे सेल्टिकचा कर्णधार झाला, त्यानं १९९८ मध्ये लीग जिंकून दिली. व्यवहार कोणाला फळला हे सांगायची गरज नाही. चेल्सीत गुडघ्यानं दगा दिला, मोसम वाया गेले. १४ मे १९९४ ला मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या एफए कप फायनलमध्ये तो बदली म्हणून आला. चेल्सी ०-४ हरला, आणि क्लबनं त्याला फुकट सोडला. वय ३१, कुणी विचारत नाही अशी अवस्था.

आता गंमत पाहा. त्या फायनलनंतर बरोबर पंधरा दिवसांनी, २९ मे रोजी, आयर्लंड हॅनोव्हरला जर्मनीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला. जर्मनी तेव्हाचा विश्वविजेता, स्वतःच्या घरात. आयर्लंड २-० नं जिंकला आणि पहिला गोल कॅस्करिनोचा. चेल्सीला नको असलेला माणूस.

इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. त्याचं पदार्पण १९८५ मध्ये बर्नला स्वित्झर्लंडविरुद्ध झालं, सामना ०-० सुटला. काही महिन्यांत जॅक चार्लटन प्रशिक्षक म्हणून आला. चार्लटनचं फुटबॉल म्हणजे मधल्या फळीत नक्षीकाम नाही. चेंडू लांब मारा, समोरच्या फुलबॅकच्या मागे टाका, त्याला त्याच्याच गोलकडे तोंड करून धावायला लावा आणि अंगावर जा. सौंदर्याची आवड असलेल्यांनी नाकं मुरडली, पण सामना कसा लावायचा हे त्याला कळत होतं. अशा संघाला पुढे एक उंच खांब लागतो, आणि तो दमला की दुसरा. चार्लटनकडे दोन होते, नायल क्विन आणि कॅस्करिनो. म्हणून त्याचे कितीतरी सामने बदली म्हणून आलेले आहेत: शेवटची वीस मिनिटं, गुण हवाय, चेंडू हवेत टाका आणि टोनीला पाठवा. ८८ हा आकडा असा साठत गेला. १९ गोलांवर हसणाऱ्यांनी हे विसरू नये.

त्या १९ मधला माझा आवडता गोल १४ नोव्हेंबर १९९० चा. डब्लिनमध्ये इंग्लंडविरुद्ध, युरोपियन चॅम्पियनशिपच्या पात्रता फेरीत. डेव्हिड प्लॅटनं इंग्लंडला पुढे नेलं आणि कॅस्करिनोनं हेडरनं बरोबरी साधली. इंग्लंडच्या बाकावर बसलेला प्रशिक्षक कोण? ग्रॅहम टेलर. त्याच टेलरनं आठ महिन्यांपूर्वी व्हिलासाठी याच्यावर १५ लाख उधळले होते. आपण विकत घेतलेल्या डोक्याचा उपयोग शेवटी आपल्याच विरुद्ध झालेला पाहणं हे टेलरच्या नशिबी आलं.

त्याच वर्षीचा इटलीतला विश्वचषक आमच्या पिढीनं दूरदर्शनवर पाहिला. आयर्लंड म्हणजे तेव्हा आम्हाला हिरवा शर्ट आणि लांब किक, एवढंच. चार सामन्यांत दोन गोल करून, एकही सामना नव्वद मिनिटांत न जिंकता हा संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला होता. कॅस्करिनो इंग्लंड आणि इजिप्तविरुद्ध सुरुवातीपासून खेळला, मग क्विननं जागा घेतली, आणि क्विननं हॉलंडविरुद्ध गोलही केला. जिनोआत २५ जूनला रुमानियाशी गाठ. जॉन अल्ड्रिज लवकर जखमी झाला म्हणून कॅस्करिनो मैदानात आला. १२० मिनिटं गोल नाही, शूटआउट. शीडी, हाउटन, टाउनसेंड यांनी मारले, रुमानियाचेही जात होते. चौथी पेनल्टी कॅस्करिनोची.

ती किक कुठे सापडली तर हळू करून पाहा. तो धावत येतो, बूट आधी जमिनीत घुसतो, गवताचा मोठा ढेकूळ हवेत उडतो आणि चेंडू जेमतेम जोर घेऊन जमिनीलगत सरपटत जातो. रुमानियाचा गोलकीपर लुंग बरोबर त्याच बाजूला झेपावलेला असतो, आणि चेंडू त्याच्या अंगाखालून आत जातो. बोटभर इकडे तिकडे झालं असतं तर आयरिश फुटबॉलमध्ये हे नाव शिवीसारखं घेतलं गेलं असतं. मग आयर्लंडचा गोलकीपर पॅकी बॉनरनं टिमोफ्टेची पेनल्टी अडवली, डेव्हिड ओलिअरीनं पाचवी मारली आणि डब्लिन रस्त्यावर आलं. ओलिअरीचा फोटो सगळीकडे छापला. ढेकळाचा कोणी छापला नाही. रोममध्ये पुढच्याच सामन्यात स्किलाचीच्या गोलनं इटलीनं आयर्लंडला घरी पाठवलं.

आता चेल्सीनं सोडल्यावरचा त्याचा क्लब, फ्रान्समधला मार्सेय. १९९३ मध्ये युरोपियन कप जिंकलेला हा क्लब व्हॅलेन्सियनविरुद्धच्या सामन्यातल्या लाचखोरीमुळे पुढच्या वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ढकलला गेला होता. खेळाडू गेले, पैसा गेला, पण प्रेक्षक गेले नाहीत. अशा क्लबला फुकटात मिळणारा ३१ वर्षांचा, केस विरळ झालेला लंडनकर चालणार होता. त्यानं पहिल्या मोसमात लीगमध्ये ३१ गोल मारले, दुसऱ्यात ३०. क्लबच्या मैदानावर, व्हेलोड्रोमवर, त्याला "टोनी गोल" म्हणायला लागले. पहिल्या वर्षी मार्सेय डिव्हिजन जिंकूनही पैशांच्या भानगडीमुळे वर जाऊ शकला नाही, दुसऱ्या वर्षी गेला. डिव्हिजन दुसरी होती, हे खरं, बचावही कच्चे असतील. पण ६१ गोल म्हणजे ६१. मला वाटतं त्याला तिथे पहिल्यांदा असा क्लब मिळाला जिथे आपण विकत घेतलेली महाग वस्तू आहोत असं ओझं डोक्यावर नव्हतं. डोक्यात सतत एक आवाज असायचा, तू चुकणार, तू चुकणार म्हणणारा, असं त्यानं नंतर आत्मचरित्रात सांगितलंय. व्हिला आणि सेल्टिकमधला खेळ पाहिला की पटतं.

मार्सेयनंतर नान्सी, जिथून मिशेल प्लातिनीची कारकीर्द सुरू झाली तो क्लब. नान्सी खाली गेला, १९९८ मध्ये डिव्हिजन जिंकून परत वर आला, २००० मध्ये पुन्हा खाली. या सगळ्या चढउतारात हा तिथेच. सदतिशीतही फ्रान्सच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये गोल करत होता. आयर्लंडलाही तो हवाच होता: सप्टेंबर १९९७ मध्ये विल्नियसला लिथुआनियाविरुद्ध आयर्लंड २-१ जिंकला, दोन्ही गोल याचे. शेवट मात्र कडू. नोव्हेंबर १९९९, युरो २००० च्या पात्रतेचा प्लेऑफ, तुर्कस्तानशी. डब्लिनमध्ये १-१, बुर्सात ०-०, परक्या मैदानावर गोल केलेला म्हणून तुर्कस्तान पुढे. शिट्टी वाजल्यावर मैदानात हाणामारी झाली आणि त्यात कॅस्करिनोही होता. हा त्याचा ८८ वा आणि शेवटचा सामना, तेव्हाचा आयर्लंडचा विक्रम.

आणि आता ती भानगड, जिच्यामुळे बहुधा तुम्ही हा प्रश्न विचारलाय. तो आयर्लंडकडून खेळला आईच्या वडिलांमुळे. ते मेयो परगण्यातल्या वेस्टपोर्टचे ओमॅली. १९९६ मध्ये आयरिश पासपोर्टसाठी कागद जमवताना आईनं त्याला सांगितलं, की मी स्वतःच दत्तक आहे. म्हणजे ओमॅलींचं रक्त याच्यात नाहीच. तोवर तो दोन विश्वचषकांच्या संघात जाऊन आला होता. त्यानं तोंड मिटून घेतलं, आणखी तीन वर्षं खेळला, आणि २००० साली आत्मचरित्रात सगळं सांगून टाकलं: मी खोटा आयरिश आहे. पुस्तक येताच गहजब झाला. आयरिश फुटबॉल संघटनेनं मात्र नियम तपासून सांगितलं, की दत्तक गेलेलं मूलही कायद्यानं त्या घरचंच, तो पहिल्यापासून पात्रच होता. चार वर्षं मनात बाळगलेली चोरी मुळात चोरीच नव्हती. आपल्याकडे दत्तक घेतलेला मुलगा गादीवर बसतो, हे त्याला वेस्टपोर्टमध्ये कोणी सांगायला हवं होतं.

तुम्ही शेवटी विचारलंय, की असा फिरस्ता आयरिश स्ट्रायकर दुसरा कोणी आहे का. आहे, आणि त्याला तुम्ही भारतात पाहिलेला असण्याची शक्यता आहे. बुर्साच्या आधी डब्लिनमध्ये तुर्कस्तानविरुद्ध आयर्लंडचा गोल केला तो १९ वर्षांच्या रॉबी कीननं. त्यानं पुढे कॅस्करिनोचे दोन्ही आकडे धुळीला मिळवले: १४६ सामने, ६८ गोल. क्लब तर विचारू नका, वुल्व्ज, कॉव्हेंट्री, इंटर, लीड्स, टॉटनहॅम, लिव्हरपूल, पुन्हा टॉटनहॅम, सेल्टिक, लॉस एंजेलिस. आणि सगळ्यात शेवटी २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगमधला कोलकात्याचा क्लब एटीके. मोसमाच्या सुरुवातीला तिथे प्रशिक्षक होता टेडी शेरिंगहॅम, मिलवॉलमध्ये कॅस्करिनोच्या डोक्यावरून आलेले चेंडू गोलमध्ये घालणारा तोच. जानेवारीत शेरिंगहॅमला काढलं, मोसमाच्या अखेरीस कीनलाच संघ सांभाळावा लागला, आणि गतविजेता एटीके दहा संघांत नववा आला.