हिवाळ्यात सुगंधासाठी बागेत कोणती झाडे लावावीत?

पुण्यासारख्या कोरड्या थंडीच्या ठिकाणी हिवाळी सुगंधासाठी मोगऱ्यावर भिस्त ठेवू नये, कारण त्याचा मुख्य बहर उन्हाळ्यातला असतो. माझी पहिली पसंती दवण्याला आहे. त्याच्या करड्या-हिरव्या, कातरलेल्या पानांवरून नुसता हात फिरवला तरी गंध बोटांना बराच वेळ राहतो, त्यामुळे फुलांची वाट पाहावी लागत नाही. बी फार बारीक असल्याने ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाळूत मिसळून पेरावे, वर मातीचा जाड थर देऊ नये आणि पाणी झारीने हलकेच घालावे, परंतु ते कुंडीत साचू देऊ नये. सोबत मरवा लावावा. फुलेच हवी असतील तर कुंदा घ्यावा. त्याचा वास मंद असला, तरी तो ऐन थंडीत भरभरून फुलतो.