वितरित कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रकार कसे ओळखायचे?

वितरित कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काम अनेक संगणकांत किंवा प्रोग्रामांत वाटलेली एआय. प्रणालीत किती संगणक आहेत ते नंतर मोजा. आधी ध्येय कोणाचं आहे ते बघा.

एकच मोठं काम तुकडे करून वाटलं आणि ध्येय सगळ्यांचं सामायिक असेल, तर ते वितरित समस्या-निराकरण. प्रत्येक एजंटचं (म्हणजे स्वतः निर्णय घेणाऱ्या घटकाचं) ध्येय आपापलं असेल, तर बहु-एजंट प्रणाली. नुसता वेग वाढवायला काम अनेक प्रोसेसरवर टाकलं, तर समांतर एआय. काही जण त्याला वितरित एआयमध्ये धरतच नाहीत, आणि मलाही ते पटतं.

समजा, नागपूरच्या सीताबर्डीतला प्रत्येक सिग्नल एक एजंट आहे. व्हरायटी चौकाने फक्त स्वतःची रांग संपवायला हिरव्याचा वेळ वाढवला, की गाड्या पुढच्या चौकात तुंबतात आणि ती रांग मागे सरकत पुन्हा व्हरायटीलाच येते. म्हणून प्रत्येक एजंटच्या हिशेबात शेजारच्या चौकाची रांगही धरावी लागते. तेवढ्यानेच ही बहु-एजंट प्रणाली स्पर्धेची न राहता सहकार्याची होते.

कामवाटपासाठी १९८० चा कॉन्ट्रॅक्ट नेट प्रोटोकॉल (एजंटांनी आपसात बोलण्याचे ठरलेले नियम) सोपा आहे: काम जाहीर करा, बोली मागवा, योग्य एजंटला द्या. बोलीला मुदत मात्र घालाच. नाहीतर एक बंद पडलेला एजंट सगळं काम अडवून ठेवतो.