न उडणारे पक्षी शत्रूपासून कसे वाचतात?

प्रश्न : शहामृग, किवी यांसारख्या पक्ष्यांना उडता येत नाही, तर मग ते जंगलात शत्रूपासून स्वतःचा बचाव कसा करतात? संकट दिसताच शहामृग वाळूत डोके खुपसतो, हे खरे आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. शहामृग वाळूत डोके खुपसत नाही. अंडी उबवत असताना धोका जाणवला, तर तो मान जमिनीलगत लांब पसरून निश्चल पडून राहतो, आणि दुरून पाहणाऱ्याला डोके जमिनीत गेल्यासारखे वाटते. दिवसा बहुधा करड्या-तपकिरी रंगाची मादी अंड्यांवर बसते आणि रात्री काळ्या पिसांचा नर, त्यामुळे दोन्ही वेळी घरटे नजरेस पडणे अवघड होते.

एरवी शहामृगाची भिस्त डोळ्यांवर आणि पायांवर असते. सुमारे ५ सेंटीमीटर व्यासाचे डोळे सुमारे अडीच मीटरपर्यंत उंचावर असल्याने सिंह किंवा चित्ता त्याला दुरूनच दिसतो आणि ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने तो पळ काढतो. कोंडीत सापडलाच, तर पुढच्या दिशेने मारलेली त्याची लाथ सिंहालाही ठार करू शकते. (हा पक्षी आज आफ्रिकेचा असला, तरी एके काळी तो आपल्याकडेही होता, जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कोरीव नक्षी असलेली कवचे मिळाली आहेत.) न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील वर्षावनांत राहणारा कॅसोवरी हा न उडणारा पक्षी तर शहामृगाहून धोकादायक मानला जातो, कारण त्याच्या पायाच्या आतल्या बोटाला सुमारे १२ सेंटीमीटर लांबीची, कट्यारीसारखी नखी असते.

मात्र कोणत्याही पक्ष्याची बचावाची रीत त्याच्या पूर्वजांनी ज्या शत्रूंना तोंड दिले, त्यांच्यापुरतीच उपयोगी पडते, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे मर्म येथेच आहे. न्यूझीलंडमध्ये माणूस पोहोचण्यापूर्वी वटवाघळे वगळता जमिनीवर सस्तन प्राणी नव्हते. शिकार करीत ते आकाशातून, नजरेच्या बळावर शोध घेणारे गरुड आणि ससाण्यांसारखे पक्षी. म्हणून काकापो हा तेथील न उडणारा पोपट रात्री वावरतो, शेवाळासारख्या हिरव्या रंगामुळे झाडोऱ्यात मिसळून जातो आणि चाहूल लागताच जागच्या जागी थिजतो. गरुडाला फसवण्यासाठी हे पुरेसे होते. पुढे माणसाबरोबर उंदीर आणि मांजरे आली, तर १८८० च्या दशकात सशांना आळा घालण्यासाठी मुंगसाहून लहान असा स्टोट हा शिकारी प्राणी मुद्दाम आणण्यात आला. हे सर्व प्राणी वासावरून माग काढतात. काकापोच्या अंगाला तर चांगलाच उग्र गंध असतो, त्यामुळे निश्चल बसून राहणे हीच त्याच्या नाशाची वाट ठरली.

१९९५ मध्ये केवळ ५१ काकापो उरले होते. हजारो पिढ्यांची सवय काही वर्षांत बदलणे शक्य नसल्याने, संवर्धकांनी उरलेले पक्षी शिकारी प्राण्यांपासून मुक्त केलेल्या कॉडफिश बेटासारख्या लहान बेटांवर हलवले, त्यांना पूरक अन्न दिले आणि घरट्यांवर पहारा ठेवला. २०२२ मध्ये त्यांची संख्या २५० च्या आसपास पोहोचली.