मुंग्यांची रांग कुठे जाते, ते आधी पाहा

चोपडा तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय: कपाशीवर काळ्या मुंग्या चढतात. बुडाशी दोनदा पावडर टाकली, चार दिवसांत पुन्हा रांग लागली. काय फवारू?

भाऊ, या मुंग्या कपाशी खायला चढत नाहीत. रांग जिथे संपते तो शेंडा वाकवून बघा. कोवळ्या देठांना पिठासारखे पांढरे पुंजके दिसतील. तो पिठ्या ढेकूण. झाडाचा रस पिऊन तो गोड चिकटा सोडतो. मुंगी मिशांनी त्याला थोपटते, थेंब आला की पिते आणि वारुळात जाऊन बाकीच्यांना तोंडाने भरवते. त्या गोडासाठी ती ढेकणाची राखणही करते, ढालकिडा जवळ आला की हुसकावते.

पावडरीने मेल्या त्या बाहेर हिंडणाऱ्या कामकरी मुंग्या. राणी जमिनीत खोल बसून अंडी घालते आहे, तिला काहीच झालं नाही. तुमचा खर्च मात्र वाया गेला.

ढेकूण असलेले शेंडे जागेवरच पिशवीत घालून कापा आणि जाळा. तसेच उघडे बांधापर्यंत नेले तर वाटेत पिल्लं गळतात. बांधावरचं काँग्रेस गवतही काढा, ढेकूण तिथेही पोसतो. मग फक्त लागण झालेल्या झाडांवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. अंगावरच्या मेणामुळे नुसतं पाणी ओघळतं, म्हणून अर्कात थोडा साबणाचा चुरा विरघळवा. फवारण्याआधी एवढं जरूर बघा: काही ढेकूण तपकिरी, फुगीर, कडक झालेत का? त्यांच्या पोटात इनॅशियस नावाचा बारीक परजीवी कीटक वाढतोय. अशी झाडं सोडून द्या. तो फुकट काम करतो आणि तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करतो.

धडगावच्या ताईंचा प्रश्न: आंब्यावर लाल मुंग्यांनी पानं शिवून घरटी केलीत, जाळू का?

नका जाळू, ताई. काही मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात, बाकीच्या आपलीच अळी तोंडात धरून तिच्या रेशमाने पानं जोडतात. या मुंग्या पानं खाणाऱ्या अळ्या फस्त करतात. चीनमध्ये १,७०० वर्षांपूर्वीपासून लिंबूवर्गीय बागांत त्यांची घरटी मुद्दाम बांधत आलेत. पानांवर काळी बुरशी आणि खवले कीड दिसली, तर तेवढीच फांदी छाटा.

कैऱ्या उतरवताना त्या कडकडून चावतात, हे खरं. ऊन चढायच्या आत तोडणी करा आणि हाताला कोपरापर्यंत चुलीतली राख चोळून घ्या.