गोंदिया ते सिंधुदुर्ग : नकाशावरचे अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ

गोंदियाहून (बिरसी विमानतळ) सिंधुदुर्गला (चिपी) विमानाने किती वेळ लागेल, आणि एका संकेतस्थळाने दाखवलेले ‘९४० किलोमीटर, १ तास ४० मिनिटे’ हे उत्तर धरून मालवणच्या लग्नाचा बेत आखावा का, असे आपण विचारले आहे. अंतर बरोबर आहे. वेळेवर मात्र विसंबू नये, कारण या दोन विमानतळांमध्ये थेट विमानसेवाच नाही.

९४० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर आहे. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलीत तर ही रेघ नांदेड, तुळजापूर आणि सांगली यांच्या अगदी जवळून जाते. राज्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्याला इतक्या सरळ जोडलेला पाहून मलाही गंमत वाटली होती. वेळ काढताना अशी संकेतस्थळे बहुधा या अंतराला जेट विमानाच्या ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने भागतात आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवतात. लहान विमानतळांवर मात्र बऱ्याचदा एटीआर ७२ सारखी पंख्याची विमाने येतात आणि त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने नुसते अंतर कापायलाच सुमारे १ तास ५३ मिनिटे लागतील. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर हाच वेळ दोन तासांच्या थोडा पुढे जातो, आणि हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेचे वारे असल्यामुळे गोंदियाहून कोकणात येताना ते बहुधा समोरूनच लागतात. धावपट्टीपर्यंत जाणे आणि उतरण्यापूर्वी घ्यावे लागणारे वळण हे सारे धरले, तर थेट विमान असते तरी वेळापत्रकात सव्वादोन ते अडीच तास लिहिलेले दिसले असते.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडे वळू. हैदराबादमार्गे गेल्यास दोन टप्प्यांचे मिळून हवाई अंतर सुमारे १,०५० किलोमीटर भरते, म्हणजे थेट रेघेपेक्षा जेमतेम एकशे दहा किलोमीटर जास्त. अंतराचा तोटा किरकोळ असला, तरी खरा वेळ मधल्या थांब्यात जातो. लहान विमानतळांची विमाने रोज असतातच असे नाही, शिवाय मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हंगामी वेळापत्रक बदलते; त्यामुळे दोन्ही विमानांचे वार जुळतात का, हे तिकीट काढण्यापूर्वी तपासावे. दोन तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची असतील, तर पहिले विमान उशिरा आल्यास दुसरी कंपनी जबाबदार राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

माझा कल नागपूरमार्गे जाण्याकडे आहे. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. तेथून गोव्याच्या मोपा विमानतळापर्यंत हवाई अंतर सुमारे ८०० किलोमीटर असून, थेट जेट विमान मिळाल्यास दीड तासाच्या आसपास पोहोचता येते. मोपा हे पेडणे तालुक्यात, म्हणजे सिंधुदुर्गाच्या सीमेलगतच असल्यामुळे पुढे सावंतवाडी, कुडाळमार्गे मालवण गाठता येते. लग्न पावसाळ्याच्या तोंडावर असेल, तर चिपीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) ढग उतरून दृश्यमानता कमी होण्याची शक्यता गृहीत धरावी आणि मुहूर्ताच्या आदल्या दिवशी तरी पोहोचावे.