सायकल मोटारसायकलीहून महाग कशी?

प्रश्न : इंजिन नाही, टाकी नाही, बॅटरीवर चालणारी चाकं नाहीत, तरीही वरच्या दर्जाच्या सायकलीची किंमत चांगल्या मोटारसायकलीच्या पुढे जाते. ही निव्वळ लूट नव्हे का?

उत्तर : थोडी आहे, पण तुम्ही समजता तेवढी नाही. मुळात तुलनेची जोडीच चुकली आहे. रोज कामावर नेणारी मोटारसायकल ही लाखोंनी बनणारी वस्तू. तिच्या जोडीला साधी पोलादी सायकल धरा. मग कोण महाग हे सांगायला नको. सर्वांत वरची सायकल म्हणजे शर्यतीचं यंत्र. सायकल शर्यतींचं नियमन करणाऱ्या यूसीआयचा नियमच आहे, की शर्यतीत वापरलेलं साहित्य बाजारात विकत मिळायला हवं. म्हणून टूर द फ्रान्समध्ये धावणारी सायकल कुणालाही घेता येते. मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतीतल्या गाड्या दुकानात मांडलेल्या नसतात. असत्या, तर सायकल स्वस्त वाटली असती.

आता पैसा जातो कुठे ते पाहू. शंभर सीसीचं इंजिन साधारण 8 अश्वशक्ती, म्हणजे 6000 वॉट देतं. नियमित सायकल चालवणारा माणूस तासभर 150 ते 200 वॉट देतो. दोन किलो वजन वाढलं तर इंजिनाला पत्ताही लागत नाही, चढावरच्या मांड्यांना मात्र लगेच लागतो. म्हणून प्रत्येक भागातून ग्रॅमाग्रॅमाने वजन काढायचं, आणि तो मोडताही कामा नये. शर्यतीच्या सायकलीला यूसीआयने 6.8 किलोची किमान मर्यादा घातली आहे. आज तिच्याखाली उतरणं कठीण राहिलेलं नाही.

खरा खर्च फ्रेममध्ये आहे. राळ मुरवलेल्या कार्बनच्या पातळ पत्र्यांचे काहीशे तुकडे कापतात. कुठला तुकडा कुठे, कोणत्या दिशेने, कितव्या थरात, हे ठरलेलं असतं आणि ते हातानेच लावावे लागतात. पेडलांच्या जोडणीपाशी फ्रेम ताठ हवी, सीटकडे जाणाऱ्या मागच्या नळ्यांत किंचित लवचीक. मग आत फुगा भरून, साच्यात दाबून, भट्टीत तापवतात. एखाद्या थराला सुरकुती पडली किंवा हवा अडकली, की तिथे फ्रेम कमजोर होते. असा माल बाद करावा लागतो. त्यात प्रत्येक मापाला वेगळा साचा, आणि त्याचा खर्च मोजक्या फ्रेमांवर वाटायचा. उलट होंडाच्या सुपर कब मालिकेचं एकूण उत्पादन 2017 मध्ये 10 कोटींवर गेलं. इतक्या नगांवर साच्याचा खर्च वाटला, की तो जाणवतच नाही.

लूट म्हणाल तर ती शेवटच्या पायरीवर. सायकलीचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीचे अल्टेग्रा आणि त्याच्या वरचा ड्युरा-एस हे दोन्ही गिअरसंच घ्या. दोन्ही 12 गिअरचे, दोन्ही इलेक्ट्रॉनिक, गिअर बदलण्यात जाणवेल असा फरक नाही. वजनातला फरक पाव किलोच्या आसपास, किमतीतला मात्र डोळे पांढरे करणारा. हिशेब करून बघा : स्वार 70 किलोचा, सायकल 8 किलोची. पूर्ण एक किलो कमी केला तरी तासाभराच्या खड्या चढावर 45 सेकंदांच्या आसपास वाचतात. सपाटीवर जवळपास काहीच नाही. तिथे झगडा वाऱ्याशी, आणि वाऱ्याला अडवतं ते मुख्यतः तुमचं शरीर. त्यामुळे शर्यतीत उतरत नसाल तर मधल्या दर्जाची फ्रेम घ्या आणि उरलेले पैसे आधी टायरवर घाला. सायकल स्वतःच्या मापाला जुळवून घेणं तर त्याहूनही मोलाचं.

प्रश्न : नव्या कार्बन सायकलीचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, चालवताना हळूहळू खाली सरकतो. बोल्ट पूर्ण आवळला तरी तेच. काय करावं?

उत्तर : आणखी आवळू नका. कार्बन दाबाने वाकत नाही, चिरतो, आणि चीर बऱ्याचदा क्लॅम्पच्या, म्हणजे पोस्ट आवळणाऱ्या कड्याच्या, आड लपून राहते. पोस्ट बाहेर काढा. त्यावर आणि तो बसतो त्या फ्रेमच्या नळीच्या आत ग्रीस लागलं असेल तर तेच कारण. कार्बनला ग्रीस लावायचं नसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पुसा, कोरडं होऊ द्या आणि कार्बन पेस्टचा पातळ हात द्या. या पेस्टमध्ये बारीक कण असतात, त्यांची पकड कमी दाबातही बसते. पोस्ट किमान खुणेपर्यंत आत गेलाय ना ते पाहा. बोल्ट टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) आवळा, क्लॅम्पवर छापलेल्या आकड्यापर्यंत. तो बहुधा 4 ते 6 न्यूटन मीटर असतो. पोस्टवर चिकटपट्टीची खूण करा आणि एका फेरीनंतर बघा. तरीही सरकला, तर पोस्टचा व्यास नळीला जुळतो का ते मोजा : 27.2 मिमीच्या नळीत 27 मिमीचा पोस्ट कितीही पेस्ट लावली तरी थांबणार नाही.